मुख्याध्यापक शाळेत नव्हते

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर इशिनोमाकी नावाचे शहर आहे. त्याच्या हद्दीत, किताकामी नदीच्या काठी, समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत ओकावा प्राथमिक शाळा होती. दोन मजली देखणी इमारत, १०८ मुले, पुढे मैदान आणि पाठीशी टेकडी. या टेकडीवर मुले शाळेच्याच उपक्रमात अळंबी लावायला जात, त्यामुळे तिची वाट त्यांच्या पायाखालची होती.

११ मार्च २०११, शुक्रवार. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. इमारत पडली नाही. मुले बाकांखाली शिरली, हादरे थांबल्यावर रांगेने मैदानात आली, हजेरी झाली. इथपर्यंत सगळे पुस्तकात छापावे तसे पार पडले. पुढे काय करायचे ते मात्र तिथल्या कोणालाच ठाऊक नव्हते.

मुख्याध्यापक त्या दिवशी शाळेत नव्हते. उपमुख्याध्यापक आणि बाकीचे शिक्षक मैदानात उभे राहून विचार करू लागले. रेडिओवर त्सुनामीचा इशारा येत होता. नगरपालिकेची गाडी भोंग्यावरून ओरडत रस्त्याने गेली. काही पालक मोटारी घेऊन आले आणि आपापली मुले घेऊन गेले. थोडी मोठी मुले म्हणाली, टेकडीवर जाऊ या. शिक्षकांपैकीही कोणी तेच म्हणाले. पण वर झाडे कोसळली तर? दरड आली तर? गावातली म्हातारी माणसे जमली आहेत, ती कशी चढणार? शिवाय पालिकेच्या नकाशात शाळा धोक्याच्या रेषेबाहेर होती. उलट आपत्तीत गावाने आसरा घ्यायची जागा म्हणूनच ती नोंदलेली होती. अशी चर्चा पाऊण तासाहून अधिक चालली. शेवटी सगळे निघाले ते पुलाजवळच्या जरा उंच चौकाकडे, म्हणजे नदीच्या दिशेने. ३ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास पाणी आले. ७४ मुले गेली. शाळेत असलेल्या ११ शिक्षकांपैकी १० गेले. टेकडी होती तिथेच होती, मैदानापासून चालत काही मिनिटांवर.

मला या घटनेत सर्वात अस्वस्थ करते ती एक साधी गोष्ट : ओकावा शाळेकडे आपत्ती आराखडा होता. लेखी, रीतसर, शिक्षण मंडळाला सादर केलेला. त्सुनामीचा उल्लेखही त्यात होता. मैदानातून पुढे कुठे जायचे, या रकान्यात लिहिले होते, 'जवळची मोकळी जागा किंवा उद्यान'. आता शाळेजवळ असे उद्यान कुठे होते? नव्हतेच. हा मजकूर कुठल्या तरी ठरीव नमुन्यावरून उचललेला होता. शाळेने तो भरला, मंडळाने तो ठेवून घेतला, आणि ती मोकळी जागा नेमकी कोणती, एवढा प्रश्न कोणी कोणाला विचारला नाही.

मुले गमावलेल्या १९ कुटुंबांनी २०१४ मध्ये खटला भरला. त्यांच्या २३ मुलांच्या वतीने ती कुटुंबे उभी राहिली. जिल्हा न्यायालयाने त्या दिवशी मैदानात असलेल्या शिक्षकांची चूक धरली. पण एप्रिल २०१८ मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयाने बोट आणखी मागे नेले. चूक त्या पन्नास मिनिटांत झाली नाही, तर त्याआधीच्या निवांत महिन्यांत झाली, असे त्या निकालाचे सार आहे. मुख्याध्यापकांचे आणि शिक्षण मंडळाचे कामच होते की आराखडा वाचायचा, नकाशावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, आणि सुमारे ७०० मीटरवरच्या उंच जागेसारखे एखादे ठिकाण नाव घेऊन ठरवून टाकायचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. शहर आणि प्रांत यांना मिळून १४० कोटी येनहून अधिक भरपाई द्यावी लागली. आपत्ती यायच्या आधी केलेल्या हयगयीबद्दल शाळाव्यवस्थेला जबाबदार धरणारा हा निकाल जपानमध्ये नवा पायंडा मानला जातो. मैदानात उभ्या असलेल्या घाबरलेल्या शिक्षकांवर सगळे ढकलून मोकळे होणे सोपे होते. न्यायालयाने ते केले नाही, हे मला मोठे वाटते.

त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर उत्तरेला कामाईशी शहरात निराळे घडले. तिथल्या उनोसुमाई भागात एक प्राथमिक आणि एक कनिष्ठ माध्यमिक शाळा शेजारी शेजारी होत्या. नकाशात त्याही धोक्याच्या रेषेबाहेर. भूकंप थांबताच माध्यमिकची मुले कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता पळत सुटली. प्राथमिकची मुले तिसऱ्या मजल्यावर चढली होती, पण मोठी मुले ओरडत धावताना दिसताच तीही खाली उतरून त्यांच्यामागे निघाली. मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले. ठरलेल्या जागी, एका वृद्धाश्रमाजवळ, सगळे पोचले. तिथे मागची दरड ढासळताना दिसली, म्हणून आणखी वर गेले. तिथूनही आणखी वर. पाणी त्यांच्या शाळांवरून गेले, आणि ते पहिल्यांदा थांबले होते त्या जागेपर्यंतही आले. कामाईशीत हजाराच्या आसपास माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. शाळकरी मुलांपैकी जवळजवळ सगळी, तीन हजारांच्या घरातली, वाचली.

याला 'कामाईशीचा चमत्कार' म्हटले गेले. तिथल्या काही मुलांना हा शब्द आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. गुन्मा विद्यापीठाचे तोशिताका कातादा कित्येक वर्षे त्या शहरातल्या शाळांत जाऊन शिकवत होते. त्यांचे नियम तीनच. ठरवून दिलेल्या अंदाजावर विसंबू नका. त्या क्षणी जास्तीत जास्त जे करता येईल ते करा. आणि पळण्यात पुढाकार घ्या, म्हणजे बाकीचे तुमच्या मागे येतील. धोक्याचा नकाशा मुलांपुढे ठेवून ते सांगत, हा खरा मानू नका. सरकारी खर्चाने काढलेल्या नकाशाबद्दल वर्गात असे बोलायला धाडस लागते. त्या किनाऱ्यावर जुना शब्दही आहे, 'तेंदेन्को' : ज्याने त्याने आपापले पळावे. ऐकायला स्वार्थी वाटतो. पण त्यामागे एक करार आहे. आईला खात्री असते की मूल पळालेच असेल, म्हणून ती त्याला शोधायला खाली घरी जात नाही. मुलाला खात्री असते की आई पळालीच असेल, म्हणून ते तिची वाट पाहत थांबत नाही. हा विश्वास आधी घरात बोलून ठरवावा लागतो.

कामाईशीची दुसरीही एक गोष्ट आहे, ती फारशी सांगितली जात नाही. त्याच उनोसुमाईत सखल भागात 'आपत्ती निवारण केंद्र' असे नाव असलेली एक इमारत होती. त्सुनामीत जायची अधिकृत जागा ती नव्हती. ती जागा वर डोंगराच्या बाजूला होती. पण तिथे चढायला म्हाताऱ्यांना त्रास व्हायचा, सरावाला माणसे कमी यायची. तेव्हा सोयीसाठी सराव या जवळच्या केंद्रात होऊ लागले. उपस्थिती वाढली. शेवटचा सराव ३ मार्च २०११ रोजी झाला. आठ दिवसांनी खरा भूकंप झाला तेव्हा लोक पायांना सवय होती तिथेच गेले. दीडशेहून अधिक माणसे त्या केंद्रात मरण पावली, असा शहराच्या चौकशीचा अंदाज आहे.

सराव डोक्याला फार काही शिकवत नाही; तो पायांना शिकवतो, आणि पाय तर्क करत नाहीत. म्हणून चुकीचा सराव हा सराव नसण्यापेक्षा वाईट. आपल्याकडे शाळांत होणाऱ्या 'मॉक ड्रिल'कडे या नजरेने पाहिले तर जरा घाम फुटतो. मी पाहिलेली एक तालीम आठवते. आदल्या दिवशी सूचनावहीत सही घेऊन वेळ कळवलेली. दहाला भोंगा वाजणार म्हणून पावणेदहापासून मुले दप्तर आवरून बाकावर टोकाला बसलेली. भोंगा वाजला, मुले हसत खिदळत बाहेर आली, ओळीने उभी राहिली, अग्निशामक दलाच्या जवानांनी पत्र्याच्या डब्यात रॉकेलचा भडका पेटवून विझवून दाखवला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या गटावर गेले. जिन्याखालचे लोखंडी सरकते दार नेहमी कुलूपबंद असे. त्या दिवशी मात्र ते सकाळपासून उघडे ठेवले होते. त्या मुलांचे पाय शिकले ते हेच की ते दार उघडे असते.

बाहेर पडायच्या वाटेची गोष्ट निघाली की कुंभकोणम आठवतेच. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतल्या या गावातल्या एका खाजगी शाळेत आग लागली. एका अरुंद गल्लीतल्या इमारतीत एकापेक्षा जास्त शाळा भरत होत्या. दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातून आग निघाली आणि वरच्या मजल्यावरच्या झावळ्यांच्या छपराने पेट घेतला. वर चढायला-उतरायला अरुंद जिना. जळते छप्पर मुलांच्या अंगावर आले. ९४ मुले गेली, बहुतेक प्राथमिकची. यात निसर्गाचा काही हात नव्हता. स्वयंपाक कुठे करायचा, छत कशाचे घालायचे, जिने किती, याचा हिशेब कोणीतरी आधी केला असता तर ती आग भांड्याखालीच विझली असती.

त्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका आली. १३ एप्रिल २००९ रोजी अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्यायालयाने म्हटले की शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. मग शाळांच्या इमारतींना बांधकामाची राष्ट्रीय संहिता लागू करणे, अग्निशामक बसवणे, शिक्षकांना प्रशिक्षण देणे, असे आदेश निघाले. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळांच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. प्रत्येक शाळेने स्वतःचा आराखडा करावा, धोके शोधावेत, तालमी घ्याव्यात, हे सगळे त्यात आहे. आपल्याकडे नियमांची टंचाई कधीच नसते. आराखड्याच्या नमुन्यात इशारा पथक, शोध व बचाव पथक, प्रथमोपचार पथक, अग्निसुरक्षा पथक अशी पथके असतात. द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींनी हे रकाने भरताना काय करायचे? एकच माणूस पाच पथकांचा प्रमुख, आणि उरलेल्या पथकांच्या प्रमुख बाई. कागद पूर्ण होतो. पण डोंगरातल्या वाडीवरच्या त्या शाळेला एवढेच हवे असते : गुरुजी केंद्राच्या बैठकीला गेले असताना ओढ्याला पाणी चढले, तर बाईंनी मुलांना घेऊन नेमके कोणाच्या घरी जायचे. त्या घरमालकाचे नाव आराखड्यात हवे, आणि त्या घरमालकालाही ते माहीत हवे.

आपत्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे 'बाहेर पळणे' येते. पण शाळेपुढचा खरा अवघड प्रश्न बहुधा उलटा असतो : मुलांना सोडायचे की ठेवायचे? २६ जुलै २००५ हा मंगळवार होता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारी पाणी चढू लागले तेव्हा मुंबईतल्या प्रत्येक मुख्याध्यापकापुढे हाच प्रश्न होता. सोडले, तर लोकल बंद, बस बंद, रस्त्यावर उघडी गटारे. ठेवले, तर पालकांचा जीव टांगणीला, फोन लागत नाहीत, आणि शेकडो मुलांना रात्री खायला काय घालायचे? अनेक शाळांत मुले रात्रभर राहिली. शिक्षक, शिपाईमामा, आसपासच्या इमारतींतली माणसे यांनी पोळ्या, बिस्किटे, दूध, चादरी जमवल्या. ती रात्र मुंबईकर अजून अभिमानाने सांगतात आणि सांगावीच. फक्त त्या रात्री जे जमले ते माणुसकीने जमले, ठरवून ठेवलेले त्यात फार थोडे होते. एका रात्रीपुरते पाणी, बिस्किटांचे पुडे, बॅटऱ्या, दम्याची औषधे लागणाऱ्या मुलांची यादी आणि वीज-मोबाइल दोन्ही गेले तर निरोप कसा पाठवायचा, एवढे पाच मुद्दे ज्या शाळेने लिहून ठेवले असतील तिच्या मुख्याध्यापकांना अशा दुपारी निदान शांत डोक्याने 'ठेवा' म्हणता येते.

आता फाटकाकडे येऊ. संकटात शाळेचा सर्वात गोंधळाचा भाग फाटक. १ मे २०२४ रोजी दिल्ली आणि परिसरातल्या शंभराहून अधिक शाळांना बॉम्बच्या धमक्यांचे ईमेल आले. ते खोटे निघाले. पण बातमी पसरताच हजारो पालक शाळांकडे धावले, रस्ते अडले. खरी घटना असती तर अग्निशामक दलाची गाडी आत कुठून गेली असती, हा विचार करून पाहावा. पालकांचा दोष नाही. त्या क्षणी कोणतीही आई हेच करणार. म्हणून मुलाला ताब्यात देण्याचे ठिकाण मुख्य फाटकापासून वेगळे हवे, जवळची दुसरी शाळा, मंगल कार्यालय, देवळाचे पटांगण, आणि ते पालकांना जूनमध्येच माहीत हवे. कोणाच्या ताब्यात द्यायचे तेही. आपल्या शहरांत बरीच मुले रिक्षाकाकांबरोबर येतात, आणि रिक्षाकाकांना वर्गशिक्षक ओळखतच नाहीत. आजीला ओळखतात, पण आजीचे नाव नोंदलेले नसते. आईवडील वेगळे राहत असतील तर आणखी नाजूक. मूल दिले, कोणाला दिले, किती वाजता दिले, सही. कंटाळवाणे काम आहे. पण गोंधळात हरवलेले मूल शोधण्याचे काम त्याहून कितीतरी वाईट.

शिवाय हजेरीपट. आग लागल्यावर वर्ग मोकळा करून मैदानात आणला आणि हजेरीपट आत राहिला, तर सदतीस मुलांपैकी पस्तीस बाहेर दिसतात तेव्हा उरलेली दोन आज गैरहजर आहेत की आत अडकली आहेत, हे सांगणार कोण? एक तर दोघांसाठी कोणीतरी आगीत शिरतो, नाहीतर दोघे राहून जातात. म्हणून जपानी शिक्षक काय किंवा अग्निशामक दलाचा आपला जवान काय, दोघेही पहिल्यांदा हेच विचारतात : आकडा किती? मधल्या सुट्टीत हा प्रश्न सर्वात कठीण होतो, कारण तेव्हा एकही मूल आपल्या वर्गात नसते. आणि तालीम मधल्या सुट्टीत कोणी घेत नाही.

आपल्या शाळांचे काही खास प्रश्न कुठल्याच छापील नमुन्यात बसत नाहीत. बऱ्याच शाळांत मुले चपला-बूट वर्गाबाहेर काढतात. दाराशी चाळीस जोडांचा ढीग असतो, आणि घाईत मूल आपला जोड शोधायला थांबते किंवा त्यातच अडखळून पडते. खिडक्यांना चोरांच्या भीतीने जाळ्या. पण जाळी आतून उघडता येत नाही. शाळेची घंटा राष्ट्रगीताला तीच, सुट्टीला तीच, तास बदलायला तीच. धोक्याचा वेगळा सूर ठरलेला नाही. घंटा विजेवरची असेल तर वीज गेल्यावर मुकी. जुना पितळी टोल माळ्यावर टाकून दिलेला असतो, तो खाली आणून ठेवायला हवा. मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलामागे अग्निशामक टांगलेला असतो, आणि स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला. अग्निशामकाची मारा करण्याची ताकद मोजक्या सेकंदांची असते. त्याआधीचा मोलाचा वेळ पिन कशी काढायची ते वाचण्यात जातो. कुबड्या घेऊन चालणारा मुलगा पहिल्या मजल्यावरच्या वर्गात का आहे, तर त्याची इयत्ता तिथे भरते म्हणून. वर्ग खाली आणायला खर्च काही नाही.

धोका नेहमी आकाशातून येत नाही, ताटातूनही येतो. १६ जुलै २०१३ रोजी, कुंभकोणमच्या आगीला बरोबर नऊ वर्षे होत असताना, बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंदामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण खाऊन २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. मुलांनी चव वेगळी लागते असे सांगितले होते. वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घ्यायची, हा साधा नियम पोषण आहारात तेव्हाही होता. ही चवही एक तालीमच आहे, रोजची. आणि रोजची असल्यामुळेच ती वहीतल्या एका सहीपुरती उरते.

या सगळ्यात भूकंपाचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तिथे सराव उशिराने कामाला येतो, भिंत आधी. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. शाळा रिकाम्या होत्या. गावे माती-दगडाच्या भिंतींखाली गेली. भूजचा भूकंप २६ जानेवारी २००१ च्या सकाळी, प्रजासत्ताक दिनी. वर्ग रिकामे होते. तरी अंजारमध्ये प्रभातफेरीतली मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली सापडली, १८५ मुले आणि २० शिक्षक. तिथे आता त्यांचे स्मारक आहे. काश्मीरचा भूकंप ८ ऑक्टोबर २००५ च्या सकाळी, शाळा भरलेल्या असताना झाला, आणि पाकिस्तानव्याप्त बाजूला हजारो मुले वर्गांतच गेली. तिन्ही ठिकाणी इमारती कमकुवत होत्या. मुलांचे नशीब ठरले ते वारावर आणि घड्याळावर. घड्याळावर अवलंबून राहणारी सुरक्षितता ही कसली सुरक्षितता?

चीनमधल्या सिचुआन प्रांतात सांगझाओ नावाच्या गावात एक माध्यमिक शाळा आहे. तिचे तेव्हाचे मुख्याध्यापक ये चिपिंग. १९८० च्या दशकात बांधलेल्या एका इमारतीचा त्यांना भरवसा वाटेना. तपासले तर मजल्यांच्या तयार फरशांमधल्या फटी सिमेंटने भरण्याऐवजी सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या कोंबून बुजवलेल्या निघाल्या. इमारत बांधायला १ लाख ६० हजार युआन लागले होते. ये यांनी वरिष्ठांच्या मागे लागून, थोडे थोडे पैसे मागून आणत, तिच्या दुरुस्तीवर ४ लाख युआन घातले. फटी भरल्या, खांब जाड केले. बांधायला लागले त्याच्या अडीच पट पैसे दुरुस्तीत घालणाऱ्या मुख्याध्यापकाबद्दल आपल्याकडे शाळा समितीच्या बैठकीत काय बोलले गेले असते, याची कल्पना करायला फार डोके लागत नाही.

२००५ पासून दर सत्रात ते तालीम घेऊ लागले. या आठवड्यात तालीम आहे एवढेच मुलांना माहीत असे. दिवस आणि वेळ नाही. कोणत्या वर्गाने कोणत्या जिन्याने उतरायचे, ठरलेले. वर्गातल्या पुढच्या चार ओळींनी पुढच्या दाराने, मागच्या चार ओळींनी मागच्या दाराने. मैदानात प्रत्येक वर्गाची जागा ठरलेली. आणि शिक्षकांनी उभे राहायचे ते जिन्याच्या वळणांवर. कारण मूल पडते ते बहुधा वळणावर, मागची मुले त्याच्यावर पडतात, आणि त्या लोंढ्यातून मुलाला बखोटीला धरून वर उचलायची ताकद मोठ्या माणसातच असते. मला हा तपशील फार आवडतो. ज्याने मुलांना खरोखर जिना उतरताना पाहिले आहे त्यालाच हे सुचेल. पालक आणि काही शिक्षक या तालमींना वैतागले होते, अभ्यासाचा वेळ जातो म्हणून.

१२ मे २००८ रोजी दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी सिचुआनचा भूकंप झाला. शाळा भरलेल्या होत्या. सरकारी आकड्यानुसार त्या भूकंपात ५,३३५ विद्यार्थी मेले किंवा बेपत्ता झाले. शेजारच्या बेइचुआनमध्ये माध्यमिक शाळेची इमारत कोसळून शेकडो मुले गेली. सांगझाओच्या शाळेत त्या वेळी दोन हजारांहून अधिक मुले होती. ती १ मिनिट ३६ सेकंदांत मैदानात आली. बऱ्याच इमारतींना तडे गेले, काही भाग पडले; दुरुस्त केलेली इमारत उभी राहिली.

ये चिपिंग त्या दुपारी कामासाठी मिआनयांग शहरात गेले होते. हादरे बसताच ते परत निघाले, फुटलेल्या रस्त्यांवरून, वाटेत कोसळलेली घरे पाहत. शाळेच्या फाटकातून आत आले तेव्हा मुले मैदानात वर्गावार आपापल्या जागी होती, शिक्षक त्यांच्याभोवती बाहेरून कडे करून उभे होते, आणि मोजणी झालेली होती.